आर्सिंगची टकटक

आमचं काम म्हणजे फोटो बघायचे. कुठल्याशा परदेशी कंपनीच्या गोदामांचे, रिकाम्या बोळांचे, पार्किंगचे फोटो एकामागून एक पडद्यावर येतात आणि खाली प्रश्न असतो, फोटोत माणूस आहे का? 'आहे' किंवा 'नाही' दाबायचं. बहुतेक वेळा नसतोच. दर क्लिकला स्पीकरमधून 'टक' असा आवाज येतो, आणि बराच वेळ टक झालं नाही की नावापुढे लाल ठिपका पडतो. ठिपके साठले की नोकरी गेली. माझं आणि माझ्या आईचं, म्हणजे नानायचं, पोट या नोकरीवर चालायचं, तिच्या साखरेच्या आजाराची इंजेक्शनंही. त्यामुळे मी भुतापेक्षा ठिपक्याला जास्त भ्यायचो.

सान पाब्लो शहरातल्या आमच्या गल्लीत हे काम करणारे दोघंच, मी आणि माझा चुलतभाऊ आर्सिंग. तो थोरला, म्हणून मी त्याला कूया म्हणायचो. माझं मनगट सुजलं तेव्हा तो पेनड्राइव्हवर एक सॉफ्टवेअर घेऊन आला. माऊसला हात न लावता क्लिक करत राहणारं.

"चोरीबिरी नाही ना यात?" मी विचारलं.

"अरे खुळ्या, याचा कोड जगासमोर उघडा टाकलाय. कुणीही वाचावा, कुणीही वापरावा. चोर कधी घराला काचेच्या भिंती बांधतो का?"

कॉम्प्युटरने मोठ्ठा इशारा दाखवला, की हे कुणी बनवलं ते माहीत नाही. "तुला तरी कुणी बनवलं ते आम्हाला कुठे ठाऊक आहे," असं त्यालाच सुनावून कूयाने 'तरीही चालवा' दाबलं. बाण 'नाही'वर खिळवला. दोन क्लिकांमधलं अंतर जरा मागेपुढे ठेवलं, म्हणजे वर बसलेल्यांना माणसाचा हात वाटावा. एफ-सहा कळ दाबली की सुरू, पुन्हा दाबली की बंद.

"आता पोटभर जेव आणि खुर्चीत ताणून दे. बाहेर ऐकणाऱ्यांना वाटतं गडी राबतोय. माझी बायको डेलिया तर शेजारणीला कौतुक सांगते."

नानाय स्वयंपाकघरातून ओरडली, "आर्सिंग, भातावर लगेच झोपू नये रे! बांगुंगोत छातीवर बसतो, झोपेतच जीव घेतो."

"बसू दे की, तिया," तो आपल्या काकूला म्हणाला, "माझ्या पोटावर जागा बक्कळ आहे."

तो बसला. एका दुपारी कूया जेवून खोलीत गेला आणि टकटक सुरू झाली. डेलिया बाहेर कपडे धूत होती, मग तिने इस्त्री केली, मग अंगण झाडलं. टकटक चालूच. दिवेलागणीला ती कॉफी घेऊन आत गेली तेव्हा तो खुर्चीत थंड पडला होता आणि त्याच्यासमोर पडदा एकेका फोटोला सांगत होता, माणूस नाही, माणूस नाही.

त्याचा भाऊ दुबईहून यायचा होता, म्हणून शवपेटी घरातच ठेवली होती. मी कामाच्या वेळेतच, क्लिकर सुरू ठेवून, तिथे जाऊन बसलो. डेलियाने माझी बाही धरली.

"बेंजो, मी सारखी टकटक ऐकत होते रे. जरा जरी थांबली असती ना, तर मी दार उघडलं असतं. झोपेत अडकलेल्याचा अंगठा कडकडून चावला की माणूस परत येतो म्हणतात. मी तुकडा पाडला असता, पण त्याला आणला असता."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच वेळी माझं एक लक्ष घड्याळाकडे होतं, याची लाज अजून वाटते. एखाद्या दुपारी पडद्यावर 'तुम्ही आहात का?' अशी चौकट येते आणि ती क्लिकरला आवरत नाही.

मयताच्या घरून कुणी सरळ आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, पाव घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, म्हणजे मागे लागलेला आत्मा तिथेच झटकला जातो. आमच्याकडे सगळे कोपऱ्यावरच्या बेकरीत थांबतात. मी ट्रायसिकल रिक्षा पकडली आणि थेट घरी आलो.

"कुठे थांबलास?" नानायने दारातच विचारलं.

"बेकरीत."

"मग पाव कुठाय?"

"खाल्ला."

दुसऱ्या दिवशी जेवलो, एफ-सहा दाबली, मान टेकली. डोळा लागतो न लागतो तोच टकटक थांबली. नानायने दार ढकललं. "काय रे, काम बंद का?" पडद्यावर लाल ठिपका.

मग रोज तेच. जागा असलो की यंत्र गुमान चालायचं, झोपलो की थांबायचं. मी ते काढून पुन्हा टाकलं, कीबोर्ड पुसला, वायर बदलली. शेवटी ज्या लोकांनी ते बनवलं त्यांच्या पानावर तक्रार लिहिली. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या भल्या माणसाने उत्तर दिलं, 'कोड पुन्हा वाचला. ते आपणहून थांबूच शकत नाही. तुमच्याकडे कुणीतरी एफ-सहा दाबतंय.'

त्या दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं आणि पापण्यांच्या फटीतून बघत राहिलो. बाहेर कडक ऊन होतं, नानाय भांडी घासत होती. एफ-सहा हळूच खाली गेली, जराशी तशीच राहिली आणि वर आली. टकटक थांबली. त्या दिवशी बेकरीत न थांबल्याचं आठवलं.

"कूया," मी पुटपुटलो, "नोकरी घालवू नको रे माझी. नानायकडे बघ."

संध्याकाळी कंपनीचा निरोप आला. आणखी एक ठिपका, की संपलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. मेल्यावरही चेष्टा सुचते याला! मी चमच्याच्या दांड्याने एफ-सहा उचकटून खिशात टाकली आणि सुरू-बंद करायचं काम दुसऱ्याच एका कळीवर दिलं. कुठल्या, ते कुणाला सांगितलं नाही.

"आता कर काय करायचं ते," मी रिकाम्या खोलीला म्हणालो.

दुसऱ्या दिवशी डुकराच्या अदोबो रश्शावर मी भाताचे डोंगर उठवले आणि झोपलो. जागा झालो तेव्हा हलता येईना. छातीवर काहीतरी येऊन बसलं होतं, ओल्या वाळूच्या पोत्यासारखं. श्वास आत जाईना. ओरडायला गेलो तर जीभच नव्हती. टकटक सुरळीत चालू होती आणि स्वयंपाकघरात नानाय ती ऐकत गुणगुणत होती. तिला वाटत होतं, पोरगं राबतंय.

तेवढ्यात कीबोर्ड वाजू लागला. आधी एफ-सहाच्या रिकाम्या भोकात नख घासल्यासारखा आवाज आला. मग शेजारची कळ दाबली गेली, मग तिच्या शेजारची. अंधारात किल्ली चाचपडावी तशी एकेक कळ, ओळीमागून ओळ. आधी सावकाश, मग घाईघाईने, मग सगळ्या कीबोर्डावर थापा. मला वाटलं, लवकर, कूया, लवकर! डोळ्यांपुढे काळं होत चाललं होतं.

टकटक थांबली.

स्वयंपाकघरातलं गुणगुणणं थांबलं. "बेंजो?" दार उघडलं, भांडं पडलं, आणि माझ्या अंगठ्यात नानायचे उरलेसुरले सगळे दात घुसले. कळ मस्तकात गेली आणि तिच्याबरोबर श्वास आला. मी तिच्या कुशीत लहान पोरासारखा रडलो.

पडद्यावर एका रिकाम्या बोळाचा फोटो होता. भिंत, फरशी, एक दिवा, बस्स. त्याखाली उत्तर दिलेलं होतं, 'आहे'. नावापुढे लाल ठिपका पडला होता, आणि रात्रीच्या आत नोकरी गेली.

नानायला मी सगळं सांगितलं, न खाल्लेल्या पावासकट. ती माझ्या अंगठ्याला फडकं बांधत राहिली.

दुबईचा भाऊ आला आणि आम्ही कूयाला पुरलं. परतताना सगळे बेकरीत शिरले. डेलियाही होती. ती मला हाक मारत होती, "अरे ये ना आत, थांब जरा." मी मान हलवली आणि सरळ घरी आलो.

नानाय दारात उभी होती.

"कुठे थांबलास?"

"कुठेच नाही."

ती बाजूला झाली. मी आत आलो तरी तिने दार लगेच लावलं नाही. माझ्यामागून आणखी कुणाला आत यायला लागेल तेवढा वेळ तिने ते हाताने धरून ठेवलं, आणि मग आमच्यासाठी कॉफी टाकायला गेली. कप तिने तीन काढले.