हिरड्या मोजणारी सळई

मित्रांनो, मी एक जुनी सळई आहे. पेन्सिलीएवढी लांब, टोकाशी वाकलेली, अंगावर बारीक रेघा असलेली. दात आणि हिरडी यांच्यातली फट किती खोल गेली आणि तिथून रक्त येतं का, हे मी पाहते. काम फार मानाचं वाटत नाही ना? मलाही आधी वाटत नव्हतं.

१९६८ साली मी भिसेगावच्या डॉक्टर चंद्रभागाबाईंच्या हाती आले. त्यांच्या आईच्या, जानकीबाईंच्या, तोंडाचं चाळिशीतच बोळकं झालं होतं. शेजारच्या पारूबाईही तीच तंबाखूची मशेरी लावत, पण त्यांचे दात शाबूत. असं का? या एका प्रश्नापायी बाई दातांच्या डॉक्टर झाल्या आणि मग संशोधक. रोग शिरला की शरीर लढायला उठतं आणि हिरडी सुजते. कुणाची सूज काम संपवून ओसरते, कुणाची मात्र आपलंच हाड खात सुटते, असा त्यांचा कयास होता. तो पडताळायला माझी मापं हवी होती.

१९७४ साली गावच्या शाळेत तपासणी मांडली. तीन दिवसांत नव्वद बायका आल्या आणि नव्वदजणींच्या हिरड्यांतून रक्त आलं. पारूबाईंच्यासुद्धा. सगळ्याच सारख्या, तर फरक कुठे उरला? इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, असं बाईंना वाटलं. माझंच टोक बोचतंय असं मला वाटलं. बाईंनी मला उकळून स्वतःच्या हिरडीला लावून पाहिलं. रक्त आलं नाही.

शेवटी पारूबाई म्हणाल्या, "तुज्यासमोर घाण तोंड कसं आणावं गं? आमी सगळ्या पहाटे मीठ नि कोळसा खसाखसा घासून येतो."

बाईंनी वहीतली तीन दिवसांच्या मापांची पानं बाद केली. "आठ दिवस मीठ-कोळसा बंद. मग आहे तसं तोंड घेऊन या," असं सांगितलं. आठ दिवसांनी बायका आल्या, पण पदर तोंडाला लावून भिंतीशी उभ्या राहिल्या. शिकलेल्या बाईपुढे मशेरीचं तोंड कोण उघडणार?

तेव्हा जानकीबाई उठून खुर्चीत बसल्या. आपलं बोळकं सगळ्यांना दाखवत म्हणाल्या, "माज्याकडं दावाया एक दात नाय. मी लाजत नाय, मंग तुमी कशाला गं लाजता?"

भिंतीशी उभी असलेली तरुण ठमी हसली, आणि खुर्चीत दुसरी तीच बसली. मला जानकीबाईंच्या तोंडात मोजायला काही नव्हतं, तरी बाईंनी वहीत पहिलं नाव आईचंच लिहिलं.

पुढे चार वर्षं आम्ही त्याच बायका पुन्हा पुन्हा तपासल्या. कयास खरा ठरला. कुणाची सूज हट्टी आहे ते आधीच कळू लागलं आणि उपचार वेळेत होऊ लागले. ठमीची सूजही हट्टीच निघाली, पण वेळेत आटोक्यात आली. बाईंचं कौतुक झालं. मग नव्या सळया आल्या, माझ्या रेघा पुसट झाल्या. आता मी एका पत्र्याच्या डब्यात असते. तक्रार नाही, इतकी माणसं माझ्यासमोर विश्वासाने बसली, हे काय थोडं झालं?

मित्रांनो, दात घासताना रक्त दिसलं तर चूळ भरून लपवू नका, दाखवा. एका आईने आपलं रिकामं तोंड उघडलं, म्हणून ठमीचे दात आजही तिच्या तोंडात आहेत.