देवदाराच्या पेटीतला पाहुणा

चष्मेवाल्याला वेड दोनच गोष्टींचं: एक त्याची लेक आणि दुसरी त्याची पेटी. बायकोच्या मते क्रम उलटा होता, पण ते तिचं मत झालं, सोडून द्या.

पेटी देवदाराची, आणि आत क्युबन सिगार. ओढायला नव्हेत हो! ओढणारी माणसं वेगळी, दुकानातून घेतात आणि कोपऱ्यावर पोचेपर्यंत राख करतात. हा गडी सिगार मुरवायचा, वर्षानुवर्षं. झाकणाला आतून ओला स्पंज, बाहेर ओलावा दाखवणारा काटा. काटा जरा खाली आला की ह्याचा चेहरा उतरायचा. खालच्या सिगार वर, वरच्या खाली, अशी पालटापालट दर महिन्याला, तीही हात स्वच्छ धुऊन. आणि महिन्यातून एकदा, एकच, बाल्कनीत बसून ओढायची. मग आठवडाभर घरात व्याख्यान.

"पहिल्या झुरक्याला कॉफी लागली. मध्ये ओली माती. आणि शेवटी, अगं, शेवटी चामडं!"

"माती आणि चामडं," बायको म्हणायची. "मग सरळ बूटच का चाटत नाही?"

लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे ती एके दिवशी संध्याकाळी खुर्चीत नीट बसली, तेव्हाच चष्मेवाल्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बाबा, मला एक मुलगा आवडलाय. त्याचे वडील पियानो सुरात लावतात."

"अरे वा!"

"आई डॉक्टर आहे."

"अरे वा, वा!"

"छातीची."

चष्मेवाल्याचा तिसरा वा घशातच राहिला.

"भावानं सिगारेट सोडली नाही म्हणून सख्ख्या भावाशी बोलत नाही ती," भिंगरी म्हणाली. "आणि बाबा, मुलगा आईच्या शब्दाबाहेर नाही असं काही नाहीये. तो म्हणतो, आपण करू. पण मलाच ती फार आवडते रे. तिनं मनापासून हो म्हटलं तरच मला हे लग्न करायचंय. कळलं?"

कळलं म्हणजे काय, चांगलंच कळलं. त्याच रात्री चष्मेवाल्यानं पेटी चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर, बॉयलरच्या बरोब्बर वर, मागे ढकलून दिली. तिथे कोणाचं बोट पोचलं नसतं. पडदे धुतले, गाद्यांना ऊन दाखवलं, बाल्कनी साबणानं घासली. पेटी उघडली तर घरभर वास सुटेल म्हणून पाहुणे येऊन जाईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा त्यानं कानाला खडा लावला. आणि पाहुणे कसले येतायत? कधी डॉक्टरांना परगावी जायचं, कधी पियानोवाल्यांची पाठ धरलेली. पुढे ढकलता ढकलता दोन महिने गेले.

आता झालं असं, की तंबाखूच्या पानात कधीकधी एका किड्याची अंडी असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. थंडाव्यात बिचारी झोपून राहतात, कोणाच्या अध्यात ना मध्यात. ऊब मिळाली की मात्र जागी होतात आणि मग किडे सिगारला आरपार भोकं पाडत सुटतात. म्हणून पेटी थंड जागी ठेवायची, हा ह्या छंदाचा पहिला धडा. चष्मेवाल्याला तो तोंडपाठ होता. पण घाबरलेल्या माणसाला तोंडपाठ गोष्टी आठवतात कुठे? घरातली सगळ्यात उबदार जागा शोधून त्यानं आपलं धन तिथे नेऊन ठेवलं होतं.

शेवटी एकदाचे पाहुणे आले. डॉक्टर बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर, नजर अशी की माणसानं उगीचच पोट आत घ्यावं. पियानोवाले लांबलचक आणि गप्प. मुलगा वडिलांसारखा लांब, आईसारखा हसरा. हो, डॉक्टर हसायच्या. त्या भिंगरीला जवळ बसवून घेत होत्या, चष्मेवाल्याच्या बायकोकडून सूपची कृती विचारून घेत होत्या. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडत होता. आता फक्त 'हो' यायचं बाकी होतं.

"एक बरं आहे," डॉक्टर नाकानं हवा ओढत म्हणाल्या. "तुमच्या घराला काही म्हणता काही वास नाही."

"छे छे!" चष्मेवाला म्हणाला. "वास कसला!"

आणि नेमका तेव्हा, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, मिठाच्या भांड्याजवळ, एक किडा येऊन उतरला. तिळाएवढा. तपकिरी. पंख मिटले आणि निवांत चालायला लागला, जसं काही त्यालाही जेवायला बोलावलं होतं.

चष्मेवाल्यानं तो पाहिला मात्र, लगेच ओळखला: माळ्यावरच्या पेटीतला! तोंड उघडलं तर रडू फुटलं असतं, म्हणून त्यानं तोंडात पाव कोंबला आणि हळूच नॅपकिन किड्याकडे सरकवायला घेतला. कोणाला काय कळणार? तिळाएवढा किडा, कुठूनही येतो.

"अरे बापरे!"

ओरडला तो चष्मेवाला नव्हे. आल्यापासून दोन शब्द न बोललेले पियानोवाले ताडकन उभे राहिले होते, खुर्ची मागे आडवी.

"अहो, हा सिगारचा किडा! पेटी कुठाय? उठा, उठा, बघताय काय! कडक गारठ्यातच मरतात हे, फ्रीझर रिकामा करा!"

सगळ्यांच्या माना पियानोवाल्यांकडे वळल्या. किडा तेवढा चालत होता.

डॉक्टरांनी सावकाश चमचा खाली ठेवला. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हा किडा तुम्हाला कसा काय ओळखू आला?"

"वाचलंय कुठेतरी."

"आणि फ्रीझर?"

"तेही... त्याच पानावर होतं."

"तुम्ही तर म्हणाला होतात, सोडल्याला एक तप झालं."

पियानोवाल्यांनी चष्मेवाल्याकडे असं पाहिलं, की दगडालाही पाझर फुटावा. चष्मेवाल्याला पळवाट समोर दिसत होती. हसून म्हणायचं, काय राव, आमच्या घरात कसली आलीय सिगार! बिंग फुटलं असतं ते एकट्या पियानोवाल्यांचं. लग्न कदाचित तरलंही असतं. वर माळ्यावर किडे आपलं काम करत राहिले असते, आणि हा बिचारा लांब माणूस घरी जाऊन बोलणी खात बसला असता.

त्यानं लेकीकडे पाहिलं. भिंगरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. हसतेय की रडतेय, देव जाणे.

"पेटी माळ्यावर आहे," चष्मेवाला म्हणाला. पाव अजून तोंडात होता. "बॉयलरच्या वर. तुमच्या भीतीनं ठेवली, डॉक्टर."

"बॉयलरच्या वर?" पियानोवाले किंचाळले. "अहो, तुम्ही माणूस आहात की कोण?"

"आणा ती इकडे," डॉक्टर म्हणाल्या.

मुलगा स्टुलावर चढला, पेटी आली, झाकण उघडलं. दोन महिने कोंडलेला सुवास भप्पकन जेवणाच्या टेबलावर सांडला. दोन्ही बाप नकळत डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टरांनी पर्समधून बारका टॉर्च काढला, चष्मेवाल्याच्या खिशातलं भिंग मागून घेतलं आणि एक सिगार उचलून उजेडात फिरवली. एक भोक. दुसरीला तीन. तिसरी तर बासरीच झाली होती.

डॉक्टरांचे खांदे हलायला लागले. बायको पाणी आणायला धावणार, तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं, की बाई हसतायत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतायत!

"आयुष्यभर ह्यांच्यापायी माणसांच्या छातीतली भोकं बघत आले," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा सिगारलाच पडलेली बघतेय. अहाहा! जिवाला काय बरं वाटतंय म्हणून सांगू! ह्या किड्याला मी दवाखान्यात नोकरी देते."

मग काय विचारता! डॉक्टरांच्या अंगात आलं. "चांगल्या असतील त्या डावीकडे, गेलेल्या उजवीकडे. आणि तो फ्रीझर रिकामा करा म्हणताहेत ना, मग करा की!" फ्रीझरमध्ये होतं आईस्क्रीम, रात्रीच्या जेवणालाही पुरेल एवढं मोठं डबडं, आणि ठेवायला दुसरी जागा नाही. तेव्हा सगळे उभ्याउभ्याच खात सुटले. पियानोवाले डावानं खात होते. भिंगरी एका हातानं खात, दुसऱ्या हातानं सिगार पिशव्यांत भरत, घरभर गरगरत होती. डॉक्टर भिंगातून निकाल देत होत्या: "ही गेली. ही वाचेल. ही गेली. हिच्या नातेवाइकांना कळवा."

"आणि तुमच्या त्या पियानोच्या हत्यारांच्या पेटीचं काय?" मध्येच त्यांनी नवऱ्याला विचारलं. "तिलाही फ्रीझर दाखवायचा ना?"

पियानोवाल्यांचा डाव हवेतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"हत्यारांना पुदिन्याच्या गोळ्या कशाला लागतात हो?"

पेटीच्या तळाशी लाल फितीनं बांधलेली एक जुडी निघाली. चष्मेवाल्यानं ती पटकन आपल्याकडे ओढली. "ह्या नको. ह्या मीच बघतो."

"का?"

"हिच्या जन्माच्या वेळी घेतल्या होत्या." त्यानं मानेनं भिंगरीकडे खूण केली. "हिच्या लग्नात एक लावायची म्हणून ठेवल्या."

डॉक्टरांनी हात पुढे केला. फीत सुटली. भिंगाखालून एकेक सिगार उजवीकडे जात राहिली. गेली, गेली, हीही गेली. आता त्या चेष्टा करत नव्हत्या. चष्मेवाला आईस्क्रीमचा चमचा मुठीत आवळून बघत होता. शेवटची सिगार डॉक्टरांनी दोनदा फिरवली, टोकं तपासली, टॉर्च विझवला. मग कोणाला वाटलं नसतं ते केलं. ती नाकाशी नेऊन हुंगली.

"वास वाईट नाहीये," त्या म्हणाल्या. "ही धडधाकट आहे. फ्रीझरमध्ये किती दिवस लागतात हो हिला?"

"तीन-चार दिवस," दोन्ही बाप एकदम म्हणाले. "मग हळूहळू बाहेर काढायची. मग महिनाभर पेटीत विसावा."

"म्हणजे दीड महिना धरा." डॉक्टर भिंगरीकडे वळल्या. "त्यानंतरची तारीख चालेल ना गं तुला? लग्नाच्या दिवशी ही एकच, ह्या दोन्ही बापांत मिळून. मी स्वतः पेटवून देईन. आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही माझ्याकडे छातीचा फोटो काढायला यायचं."

भिंगरीनं अशी काही किंकाळी फोडली, की शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं. ती डॉक्टरांच्या गळ्यात पडली, मग आईच्या, मग हातात सापडलेल्या पियानोवाल्यांच्या. मुलगा वाट बघत उभाच राहिला. किडा कुठे गेला, कोणी विचारलं नाही.

चष्मेवाल्यानं ती सिगार पिशवीत घातली, पिशवीतली हवा काढली, फ्रीझरच्या अगदी आत ठेवली आणि दार लावून तिथेच पाठमोरा उभा राहिला.

"अहो," बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "रडताय की काय?"

"छे गं," तो म्हणाला. "आईस्क्रीम दातांना लागलं."