झरोक्यातलं लाल फडकं

१९६८ सालच्या कडाक्याच्या थंडीत आमच्या वसाहतीत रस्ताभर माणसं जमली होती. मंत्रतंत्र करणाऱ्या एका बाबांनी आमच्या थोरल्या जाऊबाईंची पीडा उतरवली होती. सकाळी त्यांना मान उचलवत नव्हती, भिंतीतून कुणी बोलतंय म्हणत होत्या. बाबांनी सगळ्यांना अंगणात काढलं, दारं-खिडक्या सताड उघडून तासभर मंत्र म्हटले, आणि बाई उठून बसल्या, चहा मागू लागल्या. मीही हात जोडले. खोटं कशाला सांगू?

घरं नवीकोरी होती. कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली, भिंतींच्या पोटात भुसा, खिडक्यांना दुहेरी काचा. थोड्या कोळशात दिवसभर ऊब टिकायची. फक्त धुराडं जोडलेल्या शेगडीमागे जमिनीलगत वीतभर झरोका होता, त्यातला वारा पायांना झोंबायचा. बाबांनी तेवढंच हेरलं. पीडा इथूनच शिरते म्हणाले आणि मंतरलेलं लाल फडकं त्यात ठासलं. दारांच्या फटींवर खळीने कागद चिकटवायला लावले.

चार दिवसांनी पीडा परतली. पुन्हा बाबा, पुन्हा उघडी दारं, पुन्हा गुण, पुन्हा फडकं. बघता बघता ओळीतला एकेक झरोका लाल झाला आणि घरोघरी डोकी ठणकू लागली. शेजारचा पोपट पिंजऱ्यात मरून पडला, तर त्याने म्हणे घरावरचं संकट स्वतःवर घेतलं.

जाऊबाईंना सातवा महिना होता. नऊ दिवस बंद खोलीत शेगडीपाशी बसायचं, दार उघडलं तर मूल जाईल, असं बाबांनी फर्मावलं. सासूबाईंनी कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दुपारी मी हाका मारल्या. आतून उत्तर नाही.

"ध्यान लागलंय तिचं," सासूबाई म्हणाल्या.

गुण येतो तो दर वेळी दारं उघडल्यावरच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी गवंडीकाकांकडे धावले. घरं त्यांच्याच हातची. त्यांनी आल्या आल्या पहारीने कुलूप उचकटलं. जाऊबाई भिंतीला कलंडलेल्या, गाल गुलाबी.

"बघा, तेज आलंय," गलका ऐकून आलेले बाबा म्हणाले.

काकांनी जाऊबाईंना खांद्यांशी धरलं. आम्ही दोघांनी त्यांना अंगणात आणलं. बऱ्याच वेळाने त्या कण्हल्या. मग खिडक्या-दारं पुन्हा लावून काकांनी विडी पेटवली आणि शेगडीच्या तोंडाशी धरली. धूर उलटा खोलीत फिरला. त्यांनी फडकं उपसलं; तोच धूर सरळ धुराड्यात गेला.

"शेगडीलाही श्वास लागतो. घर घट्ट बांधलं म्हणूनच तर झरोका ठेवला. तो बुजवला की धुराडं उलटं वाहतं. त्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. गाल गुलाबी होतात तेही त्यानेच. मंत्राने नाही, उघड्या दाराने बाई वाचतात."

"पण पाय गारठतात त्याचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"मोजे घाला, वहिनी."

आम्ही घरोघरी जाऊन फडकी उपसली. ओळीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं दार आतून कुणी उघडलं नाही.

ऊब जरूर वाचवा, भिंती जाड बांधा. पण हवेची वाट मोकळी ठेवा. आणि गुण आला की पाया पडण्याआधी विचारा, त्या घटकेला नेमकं काय बदललं होतं?

जाऊबाई जगल्या. मुलगी झाली, पण तिला चालायला पाच वर्षं लागली. सासूबाईंनी स्वतः मरेपर्यंत तिला कडेवरून उतरवलं नाही. गवंडीकाका म्हातारपणी लेकीकडे राहायला गेले. बाबा त्याच संध्याकाळी नाहीसे झाले. पुढल्या हिवाळ्यात कळलं, नदीपलीकडे अशीच नवी घरं झालीत, आणि तिथल्या झरोक्यांत निळी फडकी आहेत.