फुलर, वॉकर, परीट

रामकृष्णांनी इस्त्री केलेले चार शर्ट काउंटरवर ठेवले आणि वरच्या शर्टाला टाचलेली प्लास्टिकची छोटी पिशवी आपल्या मुलाकडे, निशांतकडे, वळवली. मस्कतच्या हमरिया भागातल्या त्यांच्या लॉण्ड्रीचा हा नियमच होता. कपडा पाण्यात जाण्यापूर्वी खिसे तपासायचे, सापडेल ते पिशवीत घालून कपड्याला टाचायचे, आणि गिऱ्हाइकाला काही विचारायचे नाही. अठरा वर्षांत अशा पिशव्यांतून अंगठ्या परत गेल्या होत्या, औषधांच्या चिठ्ठ्या, एकदा तर कुणाचा तरी सोन्याचा दात. आजच्या पिशवीत निशांतच्या नऊ दिवसांच्या मुलीच्या जन्मनोंदणीचा अर्ज होता.

चार घड्या पडून घामाने मऊ झालेला तो कागद कुणीतरी इस्त्रीने सरळ केला होता. आडनावाच्या रकान्यात निशांतचे स्वतःचे अक्षर होते: आरवलीकर. आरवली हे त्यांचे कोकणातले गाव. आडनाव मात्र परीट; निशांतचे, वडिलांचे, आणि त्यांच्या वडिलांचेही.

"दुसऱ्या शर्टाला नीळ जास्त झालीय का, बघ," रामकृष्ण म्हणाले.

"नाही. बरोबर आहे."

"बाळ दूध पितंय ना?"

"पितंय."

"मग यल्ला, निघ. कुरुमला ऑफिसात पोचेस्तोवर नऊ वाजतील."

निशांत गाडीत येऊन बसला, पण बराच वेळ त्याने चावी फिरवली नाही. मागच्या दिवाळीत मराठी मंडळींच्या फराळाला पुण्याच्या एका बाईंनी त्याला आडनाव विचारले होते. त्याने सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या होत्या, आणि मग फार गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "अय्या, हो का? छान, छान." तो क्षणभराचा थांबा त्याला लहानपणापासून ओळखीचा होता. आपल्या मुलीला तो ऐकावा लागू नये, एवढेच त्याला वाटत होते. अर्ज उद्या दुपारपर्यंत द्यायचा होता. वडिलांना कसे सांगावे, या विचारात तो कागद आठवडाभर खिशात फिरला होता, आणि त्याच खिशातून आता वडिलांच्या हाती जाऊन परतही आला होता.

ऑफिसात हेलन फुलर खोली आवरत होत्या. एकवीस वर्षे मस्कतमध्ये विम्याचे काम करून त्या महिनाअखेरीस इंग्लंडला परतणार होत्या. निशांत चार वर्षे त्यांच्या हाताखाली होता. आकड्यांपलीकडे तो त्यांच्याशी फारसे बोलला नव्हता. त्यांनी एक काचेची चौकट त्याच्यापुढे धरली.

"ही नीट गुंडाळशील? वडिलांची आठवण आहे. त्यांनी ती संडासात लावली होती. पाहुण्यांना वाचायला काहीतरी हवं, म्हणायचे."

पर्यटकांच्या दुकानात मिळते तशी ती चौकट होती. कडेला वेलबुट्टी, मध्ये सजवलेल्या अक्षरांत एका आडनावाची हकिकत. कागद गुंडाळता गुंडाळता निशांत वाचू लागला. फुलर म्हणजे लोकरीचे नवे कापड पाण्यात माती कालवून पायांनी तुडवणारा, धुऊन घट्ट करणारा. देशाच्या दक्षिण-पूर्वेला या माणसांना फुलर म्हणत, नैर्ऋत्येला टकर, उत्तरेकडे वॉकर. पैकी वॉकर हे आज इंग्लंडातल्या पहिल्या वीस आडनावांत मोडते.

त्याचे हात थांबले.

"वाचलंस ना?" फुलर मॅडम हसल्या. "आणि त्यांनी एक लिहिलेलंच नाही. मळ निघावा म्हणून शिळं मूत्र वापरायचे. इतका वास यायचा की गावाबाहेर, ओढ्याकाठी राहावं लागे. असे आमचे पूर्वज."

निशांतने चिकटपट्टी हातात धरून ठेवली. चार वर्षांतला पहिला खासगी प्रश्न त्याच्या तोंडून निघाला.

"तुम्हाला कधी कोणी काही म्हणालं का? शाळेत वगैरे?"

"कशाबद्दल?"

"आडनावाबद्दल."

त्यांनी खरोखरच विचार केला. भुवया जवळ आणून, प्रामाणिकपणे. मग म्हणाल्या, "नाही बाबा. का म्हणेल?"

त्याने मान हलवली आणि चौकट गुंडाळून पूर्ण केली. त्यांना प्रश्नच कळला नव्हता, आणि त्यांचे ते न कळणे त्याला दिवसभर पुरले. कुरुमच्या खिडकीतून दिसणारा समुद्र दुपारच्या उन्हात पांढरा पडला होता. त्या ओढ्याकाठी आता कोणी कापड तुडवत नसेल. मागे नुसते नाव उरले असेल, वाळलेले, कशाचाही वास नसलेले. त्याच्या नावाला मात्र अजून वाफेचा, स्टार्चचा आणि वडिलांच्या ओल्या हातांचा वास होता.

संध्याकाळी माबेल्याला घराच्या रस्त्याला न लागता त्याने गाडी पुन्हा हमरियाकडे वळवली. दुकानात रामकृष्ण एकटेच एका पांढऱ्या दिशदाशावर, ओमानी पायघोळ झग्यावर, इस्त्री फिरवत होते.

"कागद वाचलात ना तुम्ही?"

"खिशातलं वाचायचं नसतं." त्यांनी बाही उलटली. "पण इस्त्री फिरवताना डोळे मिटून कसं चालेल?"

निशांत काउंटरच्या आत आला. पुढे काय बोलावे ते न सुचल्यामुळे त्याने फुलर मॅडमच्या चौकटीची गोष्ट सांगितली. अडखळत, मधले काही गाळून, पुन्हा मागे जाऊन. रामकृष्णांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"पायांनी तुडवायचे? लोकरच असणार. लोकर हातानं पिळली तर कामातून जाते. आणि साबणाच्या जागी काय?"

"माती. इंग्रजीत तिला त्यांच्याच नावानं ओळखतात, फुलर्स अर्थ. मी शोधलं. आपण मुलतानी माती म्हणतो ती."

"आपलीच की!" त्यांचा चेहरा उजळला. "तुपाचा डाग दुसऱ्या कशानं जात नाय. पूड टाकायची, रात्रभर ठेवायची, सकाळी झटकायची. म्हणजे जाणकार माणसं होती."

त्यांच्या बोलण्यात ना अभिमान होता ना सल. पलीकडच्या गल्लीतल्या एखाद्या व्यवसायबंधूची खुशाली कळावी, तसे ते बोलत होते.

"त्यांच्यात आता ते काम कोणी करत नाही, बाबा. म्हणून त्यांना हसता येतं."

रामकृष्णांनी दिशदाशाची घडी घातली, ती पसंत न पडून मोडली आणि पुन्हा घातली.

"मी इथे आलो ना," ते म्हणाले, "तेव्हा गावी कळवलं होतं, हॉटेलात स्टोअरकीपर लागलो म्हणून. होतो त्या हॉटेलच्या धुलाईखात्यात. आठ वर्षं कोणाला सांगितलं नाय. तुझ्या आईलासुद्धा."

"मग?"

"एका सुट्टीत तिनं हात बघितले माझे."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बरं झालं. माझ्या शालूवरचा आमटीचा डाग काढून द्या आता."

निशांतला हसू फुटले. कितीतरी दिवसांनी. रामकृष्णही हसले, पण लगेच गंभीर झाले.

"तुला मी अडवत नाय. मुलगी तुझी आहे, तुला काय लिहायचं ते लिही. मला एकच विचारायचं होतं, सकाळपासून."

निशांतने बॅगेतून ती प्लास्टिकची पिशवी काढली.

"आडनाव एवढं ठसठशीत लिहिलंयस, आणि नावाची जागा कोरी. पोरीला हाक काय मारायची?"

त्याने पिशवीतून अर्ज काढून पाहिला. खरेच, पहिला रकाना रिकामा होता. नऊ दिवस तो शेवटच्या रकान्याशी झगडत राहिला होता. त्याच्या बायकोने, उत्तराने, रोज विचारले होते, आणि रोज तो उद्यावर ढकलत आला होता.

बॅगेत अर्जाची दुसरी प्रत होती. ती त्याने इस्त्रीच्या टेबलावर पसरली. कापडाचे ते आवरण अजून कोमट होते. पंख्याने कागदाचा कोपरा उडू लागला, तेव्हा रामकृष्णांनी त्यावर नुसते बोट ठेवले. निशांतने खालून सुरुवात केली. परीट, त्याने लिहिले. अक्षर आधीच्या अर्जातल्यापेक्षा लहान आले, पण कुठे गिरवावे लागले नाही.

मग त्याने उत्तराला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"नावाचं काय करायचं?"

"आत्ता सुचलं का हे? बाबांच्या दुकानात आहेस ना? मग त्यांनाच विचार. मी केव्हाची म्हणतेय, त्यांनी सांगितलेलं ठेवू."

तिच्या मागे मुलगी रडत होती. वाफेच्या फुसफुसाटात तो आवाज मध्येच बुडत होता. रामकृष्णांनी मागे हात नेऊन बॉयलर बंद केला. वाफ हळूहळू बसली आणि दुकानात फक्त ते बारीक, चिडके, जिवंत रडणे उरले. ते फोनवर वाकले आणि डोळे बारीक करून ऐकत राहिले.

दारात एक माणूस कपड्यांचे गाठोडे घेऊन उभा राहिला. गिऱ्हाइकाला कधीही ताटकळत न ठेवणाऱ्या रामकृष्णांनी मान वर न करताच त्याला हाताने थोपवले.

"दो मिनिट रुकना, भाई," ते म्हणाले. "पोती का नाम रखना है."