चहाचं नाही

"भिकाजीकाका, या डब्यातलं दूध कुठं गेलं?"

"चहात," काका म्हणाले. "तूच प्यायलीस ना दोन कप? झकास झालाय म्हणालीस."

वाट लागली! विक्रोळीच्या आमच्या लॅबमध्ये बत्तीस वर्षं काचा धुणाऱ्या या शिपायाचा आज शेवटचा दिवस. मायक्रोस्कोपमध्ये त्यांनी एकदाही डोकावलं नव्हतं. कुणी बोलावलं नाही, आणि ते विचारणारे नव्हेत. आज मी दाखवणार होते, तर त्यासाठी राखलेली दूधपावडर यांनी स्वतःच्याच निरोपाला उकळली!

"अहो, डब्यावर 'ब्लॉकिंग' लिहिलंय ना!"

"मला वाटलं, कंपनीचं नाव."

राग आला आणि हसूही. "अँटीबॉडी भारी चिकट असते, काका. मोकळी जागा दिसली की बसली. म्हणून आधी दुधानं त्या जागा भरायच्या, तेच ब्लॉकिंग. नाहीतर अख्खी काच चमकेल. मग तुम्हाला काय दाखवू, कपाळ?"

काका पिशवी घेऊन निघालेसुद्धा. साय काढलेल्या दुधाची पावडर तिसऱ्या दुकानात मिळाली. साडेबारा वाजले होते, पाचला त्यांची सुट्टी.

काचेवरच्या पेशींवर दूध घातलं, मग पहिली अँटीबॉडी. "ही पेशीतलं एकच प्रथिन ओळखते आणि त्यालाच धरते," मी सांगितलं. "पण ती दिसत नाही. म्हणून दुसरी. ती पहिलीला धरते, आणि तिला चमकणारा रंग जोडलेला असतो."

"म्हणजे पहिली पत्ता शोधते, दुसरी बॅटरी घेऊन तिच्या मागं."

"अगदी!"

मधे न चिकटलेली अँटीबॉडी धुऊन टाकताना मी घाई करायला गेले, तर काकांनी काच काढूनच घेतली. "पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. तीनदा. मला नको शिकवू गो निशा."

पावणेपाचला काच मायक्रोस्कोपखाली ठेवून दिवे मालवले. काकांनी चष्मा काढला, शर्टाला हात पुसले आणि वाकले.

"हिरवे धागे दिसतात," ते हळूच म्हणाले. "बाकी काळं."

"धागे म्हणजे ते प्रथिन. आणि बाकी काळं राहिलं ते तुमच्या दुधामुळं, तुमच्या धुण्यामुळं."

"काळं माझं होय?" काका खूश होऊन हसले आणि परत वाकले. पाच वाजून गेले तरी उठेनात. मला रडू आलं. अंधार होता ते बरं.

सोमवारी कपाट उघडलं, तर दोन डबे. एकावर त्यांच्या वाकड्या अक्षरात 'ब्लॉकिंग. चहाचं नाही.' दुसऱ्यावर 'निशा. चहाचं.' दोन्ही काठोकाठ भरलेले.

चहा मीच केला. झकास नाही झाला.