काउंटरवरचा आवाज

सकाळी साडेदहाला टेलरमास्तरांनी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काउंटरवर ठेवली आणि अशीच दुसरी मागितली. दुकानात गर्दी होती. औषधवाल्या ताईंनी बाटली दिली नाही. खोकला कधीपासून आहे, संध्याकाळी अंग तापतं का, वजन उतरलंय का, असं एकामागून एक विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "बेडका तपासून घेतलात का, मास्तर?"

मास्तरांनी रिकामी बाटली उचलली आणि ते निघून गेले.

ताईंचा आवाज मोठा आहे. वडिलांच्या मागे त्या आणि धाकटा भाऊ मिळून दुकान चालवतात. गिऱ्हाइकं बहुतेक उतारवयाची, त्यामुळे "सकाळी एक, जेवणानंतर" हे तीनतीनदा ठणकावून सांगावं लागतं. अर्धवट ऐकलेली गोळी लोक दोनदा घेतात. ती सवय अंगात इतकी भिनली आहे की ताई घरी मीठ मागतात तेही शेजारच्यांना ऐकू जातं. मास्तरांना विचारलं तेही त्याच आवाजात.

दोन दिवसांनी मास्तरांची बायको दुकानात आली. काही घ्यायला नाही. एका बाईने माप दिलेलं कापड न शिवताच परत नेलं होतं, दुसरीने मुलाला पाठवून नेलं होतं. गल्लीत सगळीकडे एकच शब्द होता, टीबी.

"तुम्ही आजार विचारलात की दवंडी पिटलीत?" असं म्हणून ती उत्तराला न थांबता गेली.

त्या दुपारी शटर अर्धं ओढून भावंडांचं वाजलं. भावाचं म्हणणं जुनंच होतं. आपलं काम चिठ्ठी वाचून औषध द्यायचं, लोकांच्या छातीत डोकवायचं नाही. चौकशा करत बसलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, आणि तिथे त्याला बाटली मिळतेच. ताईंचं म्हणणं असं, की डॉक्टरकडे माणूस अंथरुणाला खिळल्यावर जातो, औषधाच्या दुकानात पहिल्या खोकल्याला येतो. तिथे कुणी विचारलं नाही तर कुणीच विचारत नाही. औषधविक्रेत्यांच्या प्रशिक्षणात त्यांना हेच प्रश्न शिकवले होते.

"प्रश्न शिकवले," भाऊ म्हणाला, "हळू बोलायचं नाही शिकवलं?"

मास्तर आता दुसरीकडून बाटली घेतील, खोकला दाबतील आणि तपासणीचं नावही काढणार नाहीत, हे ताईंना दिसत होतं. खरोखर टीबी असला तर तो मास्तरांच्या बंद खोलीतल्या शिलाई मशीनशेजारी वाढत राहील, आणि घरातल्या माणसांनाही सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मास्तरांच्या दुकानात गेल्या. मास्तर कापड कापत होते. मान वर केली नाही. ताईंनी चूक झाली म्हणून सांगितलं. मास्तर कात्री चालवत राहिले.

"बायका माझ्याकडे माप देतात. कुणाची कंबर किती, हे मी कधी मोठ्याने सांगितलंय?"

"नाही."

"मग?"

"मग मला ते जमलं नाही. पण मास्तर, तुम्ही चार दिवस माझ्यावर चिडून राहा, चालेल. तपासणीवर चिडू नका."

मास्तरांनी कात्री ठेवली. नकार द्यायला त्यांच्याकडे कारण होतं. सरकारी दवाखान्याच्या रांगेत गल्लीतलं कुणीतरी उभं असणारच, आणि तिथे दिसलो तर उरलेली गिऱ्हाइकंही जातील. ताई म्हणाल्या की टीबी नसेलही, साधा जुना खोकला असेल. असलाच तर औषध फुकट मिळतं, काही महिने नेमाने घ्यावं लागतं, आणि ते सुरू झालं की थोड्याच काळात दुसऱ्याला लागण्याची भीती बहुधा राहत नाही. रांगेत उभं राहायचं नसेल तर डबी त्या देतील. सकाळी उठल्याबरोबर छातीतून निघालेला बेडका त्यात घ्यायचा, झाकण घट्ट लावायचं. पुढे पोचवायचं काम दुकानाचं.

"कोण नेणार?"

ताईंनी याचा विचार केला नव्हता. "बघते," म्हणाल्या.

मास्तरांनी भरून दिलेली डबी नेली ती भावाने. डबी पिशवीत, पिशवी स्कूटरच्या डिकीत. आपल्याला तपासणी केंद्राच्या बाजूला काम आहेच, असं तो दोनदा म्हणाला. कसलं काम, हे ताईंनी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात त्याने औषधांचा फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला आणि मागे जी जागा झाली तिथे एक स्टूल टाकलं. पंखा तिथपर्यंत पोचत नाही. आवाजही फारसा बाहेर येत नाही, अर्थात ताईंनी तो खाली ठेवला तर. पहिले दोन दिवस स्टुलावर भाऊच चहा प्यायला. तिसऱ्या दिवशी गुडघेदुखीच्या गोळ्या नेणाऱ्या एका आजी "जरा आत येऊ का गं" म्हणत स्वतःहून जाऊन बसल्या. त्या गोळ्यांनी पोटात जळतं, हे त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. ताईंनी त्यांना गोळ्या थांबवून डॉक्टरांना भेटायला लावलं. भाऊ काउंटरवर गिऱ्हाइकं सांभाळत होता. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हा विषय त्याने आता काढला नाही.

मास्तरांचा अहवाल काल यायचा होता. केंद्रातलं यंत्र बंद असल्याने आला नाही. भावाने आज सकाळी पुन्हा फोन केला, तेव्हा संध्याकाळपर्यंत कळवतो असं सांगण्यात आलं.

दुपारी मास्तरांची बायको आली. यावेळी ती थेट फ्रिजमागे गेली. अहवालाचं तिने विचारलं नाही. शिलाईच्या दुकानाची खिडकी हल्ली उघडी ठेवतो, म्हणाली, आणि सासऱ्यांसाठी आणखी एक डबी मागितली. तेही खोकतात.

ताईंनी डबी दिली. ती कशी वापरायची, ते इतक्या हळू सांगितलं की तिला पुन्हा विचारावं लागलं.

संध्याकाळी सहापर्यंत फोन आलेला नाही.