अकोटचा चढ आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि मी रागावलेला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला तुमच्यापुढे येतात त्या बहुतेक डोळे पुसत येतात. मला ते जमणार नाही. अकोटमध्ये एका बाईचा पाय मोडला आणि त्याचा आळ माझ्यावर घेतला गेला. खरे काय घडले ते मला सांगायचे आहे.

अमरावतीच्या राजापेठेत, एका शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर, ललित सरांचे ऑफिस आहे. ललित सर आर्किटेक्ट, म्हणजे इमारतींची रचना ठरवून त्यांचे नकाशे काढणारे. नऊ वर्षांपूर्वी त्याच गल्लीतल्या दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि दोघांनी उचलून मला जिन्याने वर आणले. सर तेव्हा माझी फार काळजी घेत, हे मी नाकारणार नाही. मे महिन्यात राजापेठ तव्यासारखी तापायची, तेव्हा ते कूलरचे तोंड माझ्याकडे वळवत आणि म्हणत, "आपन घामेजलो तं चालते, हा तापला नाई पायजे." दसऱ्याला माझ्या कपाळावर कुंकू लागे आणि गळ्यात झेंडूची माळ पडे.

माझ्या पोटात दोन प्रोग्राम होते. पहिला रेखाटनाचा. त्यात एक चौकोन काढायचा, माउसने वर ओढायचा, की घर उभे राही. त्यावर रंग चढवायचा, दारात झाड लावायचे, अंगणात माणसे उभी करायची. चित्र इतके सुंदर होई की बघणारा लगेच हो म्हणे. दुसरा प्रोग्राम बांधकामाचा. त्याला सौंदर्य कळत नसे, पण भिंत किती जाड, खांब कुठे, इमारत ज्यावर उभी राहते ते जोते किती उंच, हे सगळे त्याला अचूक ठाऊक असे. मात्र त्याच्या आकृत्या सामान्य माणसाला वाचता येत नसत. आणि या दोघांचे आपसात बोलणेच नव्हते. चित्रात खिडकी सरकवली तरी नकाशात ती जुन्याच जागी राही. गोड बोलणारा एकीकडे, खरे बोलणारा दुसरीकडे, असे माझ्या पोटात सहा वर्षे चालले.

मग भावना आली. ती भातकुलीची. शिकून आर्किटेक्ट झालेली, रोज एसटीने ऑफिसला येणारी. तिने तीन आठवडे खपून त्या दोन प्रोग्रामना जोडणारा एक नवा प्रोग्राम माझ्यात बसवला. त्या दिवशी तिने नकाशात एक भिंत दोन फूट सरकवली आणि शेजारच्या चित्रातली भिंतही सरकली. ती टाळी वाजवून म्हणाली, "सर, पाहा! आता दोघं एकमेकांशी बोलून राहिले." आणखी एक गोष्ट झाली. बांधकामाच्या हिशेबात जे बसत नाही, ते चित्रात आपोआप लाल दिसू लागले. सरांनी माझी पाठ थोपटली. मला वाटले, आता मी पूर्ण झालो.

त्याच वर्षी अकोटचे काम आले. तिथल्या भाजी विकणाऱ्या बायांच्या संस्थेला बाजारासाठी जागा मिळाली होती. संस्थेच्या अध्यक्षा पार्बताबाई. त्या आणि आणखी काही बाया माझ्यासमोर बसल्या आणि सरांनी त्यांना चित्र दाखवले. चाळीस गाळे, वर लाल पत्र्याचे छप्पर, रस्त्यापासून आत जाणारा सोपा चढ. त्या बायांमध्ये सुंदराबाई होत्या. वय पंचावन्नच्या आसपास, हातगाडीवर भाजी विकणाऱ्या. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"साहेब, माही गाडी आतमंदी जाईन ना?"

"सरळ आत जाईल, मावशी," सर म्हणाले. "लोटायचे कष्टसुद्धा पडणार नाहीत."

तेव्हा ते खोटे नव्हते. चित्रात जोते एक फूट उंच होते आणि चढ बारा फूट लांब. पण पुढे कळले की पावसाळ्यात शेजारचा नाला भरून त्या जागेत पाणी येते. जोते तीन फूट करावे लागले. भावनाने नकाशात तीन आकडा टाकला. क्षणात चित्रातला बाजार वर उचलला गेला, रस्ता खालीच राहिला आणि मधला चढ लालभडक झाला. चढायला जागा तेवढीच बारा फूट, उंची मात्र तिप्पट.

मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. लाल होणे एवढेच माझ्या हाती होते. मी झालो.

भावनाने सरांना बोलावले. "सर, हा चढ फार उभा झाला. भरलेली गाडी मागे घसरन. चढ बाजूच्या भिंतीला लागून वळवून घेऊ. कोपऱ्यातले दोन गाळे जातील, पण गाड्या नीट चढतील."

"चाळीस गाळे दाखवले आपण," सर म्हणाले. "आता अडतीस म्हणू? भूमिपूजनाची तारीख ठरली. पाहुणे ठरले. पत्रिका छापल्या."

"पन सर, हे लाल दिसून राहिलं."

"मग दिसू देऊ नको."

त्यांनी माउस हातात घेतला आणि दोन्ही प्रोग्राममधली जोडणी बंद करून चित्रातले जोते पुन्हा एक फूट केले. चित्र पुन्हा आपले जुने गोड रूप घेऊन बसले. त्याच जुन्या चित्राची मोठी छपाई काढून सरांनी ती पार्बताबाईंकडे पाठवली. बांधणाऱ्या ठेकेदाराकडे मात्र तीन फुटी जोत्याचा नकाशा गेला. बायांनी पाहिले एक आणि उभे राहिले दुसरेच.

भावनाने त्या फाइलमध्ये तारखेसह एक टीप लिहिली: "चढ धोक्याचा. गाड्या घसरतील. असा बांधू नये." सरांनी ती पुसायला सांगितली. तिने पुसली नाही. पण ती अकोटला जाऊन बोललीही नाही. बांधकामाचे सात महिने ती मान खाली घालून दुसरी कामे करत राहिली. मला तिचाही राग आला होता. मला तोंड नव्हते. तिला होते.

बाजार सुरू झाला आणि नवव्या दिवशी सकाळी भावनाचा फोन वाजला. पलीकडून पार्बताबाई बोलत होत्या. सुंदराबाईंची कोहळ्यांनी भरलेली गाडी चढावरून मागे आली होती. गाडी सोडली असती तर त्या वाचल्या असत्या, पण मागे बाया उभ्या होत्या म्हणून त्यांनी ती सोडली नाही. चाक त्यांच्या पायावरून गेले. गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. भावनाने ऐकलेले सगळे सरांना सांगितले.

सरांनी तिच्या हातातून फोन घेतला. पुढची वाक्ये मी विसरणार नाही.

"मावशी, फार वाईट झालं. ही कॉम्प्युटरची चूक आहे. दोन प्रोग्राम जोडले होते ना, त्यात फाइल बिघडली. मशीनच खराब निघालं."

त्याच दुपारी माझी वायर उपटली गेली. माझ्या तोंडावर एक कागद चिकटवला: 'खराब. फाइल बिघडवतो.' आणि मला मागच्या खोलीत जुन्या फायलींवर नेऊन टेकवले. नऊ वर्षांत मी एक आकडासुद्धा चुकीचा सांगितलेला नाही. ज्याने माझे म्हणणे बंद केले, त्यानेच मला खोटा ठरवले!

सरांनी भावनालाही तेच बोलायला सांगितले. या वेळी ती गप्प बसली नाही. ती अकोटला गेली आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी पार्बताबाई आणि आणखी तीन बायांना घेऊन ऑफिसात आली. बायांना ती फाइल बघायची होती.

"मशीन बंद आहे," सर म्हणाले.

"मंग चालू करा," पार्बताबाई म्हणाल्या. "आमी बसतो."

त्या बसल्या. भावनाने मला बाहेर आणले, कागद फाडून टाकला, वायर जोडली. मी म्हातारा झालो होतो, सुरू व्हायला मला सात मिनिटे लागली. मग फाइल उघडली आणि सरांनी तोडलेली जोडणी भावनाने पुन्हा जोडली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाजार वर उचलला गेला आणि चढ लाल झाला.

पार्बताबाईंना नकाशा वाचता येत नव्हता. पण हे त्यांना वाचावे लागलेच नाही. त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या. "हे तं उभ्या भिंतीवर गाडी चढवल्यासारखं हाये. आमाले हे काहून नाई दाखवलं? आन् हे बाजूले काय लिवलं हाये?"

भावनाने टीप वाचून दाखवली. तारीखही वाचली. ती भूमिपूजनाच्या आधीची होती.

सर म्हणाले, "अहो, मशीन असे इशारे देतच असते. सगळे ऐकत बसलो तर एक इमारत उभी राहणार नाही."

"म्हंजे मशीननं सांगतलं होतं," पार्बताबाई म्हणाल्या. "बिघाड तिच्यात नाई, साहेब. तुमच्यात हाये."



पुढे संस्थेने तक्रार केली. सरांना लेखी चूक कबूल करावी लागली आणि चढ तोडून नवा बांधून द्यावा लागला. भावनाने सांगितला होता तसाच, भिंतीला लागून वळलेला, छत्तीस फूट लांब. कोपऱ्यातले दोन गाळे गेले. त्यातला एक पार्बताबाईंचा स्वतःचा होता. त्यांनी तो एका शब्दाचीही कुरकुर न करता सोडला. ललित सर मात्र आजही राजापेठेत आहेत, नव्या कॉम्प्युटरवर नवी चित्रे दाखवतात. याचा राग माझ्या मनातून जात नाही. भावनाने नोकरी सोडली आणि सर मला भंगारात टाकणार होते म्हणून तिने मला मागून घेतले. आता मी भातकुलीला तिच्या घरच्या पुढल्या खोलीत असतो.

मागच्या महिन्यात सुंदराबाई तिथे आल्या. अमरावतीच्या दवाखान्यात पाय दाखवून, काठी टेकत. त्यांना ते चित्र बघायचे होते. भावनाने उघडून दाखवले. त्यांनी लाल चढावर बोट ठेवले.

"इतलं लाल दिसत होतं, तरी बांधलं?"

"हाव, मावशी," भावना म्हणाली. "आन् मी गप्प बसली."

सुंदराबाईंनी तिला माफ केले नाही, शिव्याही दिल्या नाहीत. त्या काठी सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "आता नको बसू."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला उन्हापासून जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी पूल बांधेल, कुणी शाळा, कुणी दवाखाना. तुमच्यासमोरचे यंत्र जेव्हा लाल होईल, तेव्हा तारीख, पाहुणे, पत्रिका सगळे बाजूला ठेवा आणि त्या वाटेने उद्या कोण चालणार आहे त्याचे नाव आठवा. नाव माहीत नसेल तर जाऊन विचारून या. आणि कुणी तुमच्यासमोर 'कॉम्प्युटरची चूक' म्हणाले, तर त्याला म्हणा, फाइल उघड. आम्ही बसतो.